बाईला समजेपर्यंत

आमच्या मामेसासऱ्यांइतका अनिश्चित माणूस उभ्या विदर्भात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका घड्याळाला धरून चालणाराही दुसरा झाला नसेल. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खरी कशी, असं तुम्ही त्यांनाच विचारलं असतं तर ते खूश होऊन म्हणाले असते, "अरे, हाच तर माझा विषय!" मामा माझ्या बायकोचे, पण नागपूरच्या महाल भागातल्या ज्या गल्लीत माझा छापखाना होता तिथे ते सगळ्यांचेच मामा. विषय म्हणजे पुंजयामिकी. अणूच्या पोटात जो काही अजब कारभार चालतो त्याचं हे शास्त्र, आणि नागपुरात ते पहिल्यांदा कॉलेजच्या फळ्यावर लिहिलं मामांनी. या शास्त्राचं नुकतंच बारसं झालं होतं त्या काळात ते दोन वर्षं जर्मनीत होते. अणूवर आदळून परत फिरणाऱ्या कणांचं एक गणित तिथल्या भल्याभल्यांना सुटत नव्हतं, ते यांनी सोडवलं, आणि तिकडच्या पुस्तकांत त्या गणिताला म्हणे अजून यांचं आडनाव आहे. 'म्हणे' अशासाठी की मामांनी हे स्वतः कधीच सांगितलं नाही. ते कळलं ते एक गोरा प्रोफेसर त्यांना शोधत कॉलेजात आला तेव्हा. त्याने मोठ्या आदराने नाव उच्चारलं. ऑफिसातला कारकून बराच वेळ विचारात पडला आणि मग म्हणाला, "हां हां, ते कांदेवाले सर का?"

कांद्याचं असं, की उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून नागपूरचा प्रत्येक शहाणा माणूस खिशात कांदा ठेवतो. मामांच्या कोटाच्या खिशात तो बाराही महिने असायचा, कारण अणू शिकवायला तो लागायचा. वर्गात ते एकेक पापुद्रा सोलत जात. "ही पाकळी काढली. आत काय? पाकळी. तिच्या आत? पाकळी. आणि सगळ्यांच्या आत?" तोवर पहिल्या दोन बाकांवरची पोरं डोळे पुसत असत आणि मामांच्याही डोळ्यांना धार लागलेली असे. अणू शिकवताना सर फार भावुक होतात, अशी कॉलेजात त्यांची ख्याती होती. सगळा कांदा सोलून झाला, पोरांना सगळं पटलं, की मामा डोळे पुसत सांगायचे, "आता हे पक्कं लक्षात ठेवा, अणू कांद्यासारखा अजिबात नसतो." आधी एक उदाहरण द्यायचं, ते पुरतं गळी उतरवायचं आणि मग त्याचीच मान मुरगाळायची, ही त्यांची शिकवण्याची रीत. राहिलेला कांदा ते दुपारी डब्याबरोबर खात.

कुठलीही गोष्ट ठामपणे सांगणं त्यांना पाप वाटे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेला त्यांचं कार्ड आलं, "येण्याची शक्यता सत्तर टक्के." ते वाचून माझ्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "सत्तर टक्के मानसासाठी पोळ्या किती लाटा लागते?" मामा आले, आणि दोन माणसांच्या पोळ्या खाऊन गेले. सायकल तर ते नेहमी कुठेतरी विसरून येत. "कुठे ठेवली, मामा?" असं विचारलं की डोळे मिटून म्हणत, "बर्डीवर असण्याची शक्यता जास्त. पण थोडी धंतोलीतही आहे." मी छापखान्याचा माणूस, माझा सगळा जन्म तारीख-वाराला बांधलेला. असं काही ऐकलं की माझं डोकंच सणकायचं. एकदा मी चिडून म्हणालो, "मामा, आयुष्यात एकदा तरी शंभर टक्के म्हणा हो!" ते गंभीर झाले. "शंभर टक्के म्हणण्यासारखं काही सापडलं," ते म्हणाले, "तर तुलाच पहिल्यांदा सांगीन."

आता त्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट निम्मी त्यांची आहे. त्या मामांच्या थोरल्या बहीण. मामा त्यांना 'बाई' म्हणत, त्या मामांना 'भाऊ'. कन्हान नदीपलीकडच्या एका खेड्यात दोघं एकाच शाळेत जायचे. बाई चौथीत पहिल्या आल्या. पण दोघांना पुढे शिकवणं घरच्यांना झेपेना, तेव्हा पोरीचं नाव शाळेतून काढलं आणि पोराला नागपूरला पाठवलं. यात कोणालाच काही गैर वाटलं नाही, बाईंना सुद्धा. भाऊ जर्मनीहून परत आला त्या दिवशी त्या पहाटेपासून नागपूर स्टेशनावर पदरात भाकरी बांधून बसल्या होत्या. गाडी आली. मामा उतरले. बाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तू तिथं काय शिकला गा, भाऊ?"

"मी काय म्हणालो माहिती आहे?" मामांनी मला हे एकदाच सांगितलं, छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यावर बसून. "मी म्हणालो, तुले नाही समजणार, बाई. गाडीतून उतरल्या उतरल्या! जिचं नाव काढलं म्हणून माझं नाव राहिलं, तिला म्हणालो, तुला नाही समजणार." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हातात कांदा नव्हता.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मामांनी पुंजयामिकीवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं. मला केवढा आनंद झाला! लग्नपत्रिका आणि पंचांगं छापून माझे हात विटले होते. या शास्त्रात ग्रीक लिपीतलं 'साय' नावाचं एक अक्षर पावलोपावली येतं असं मामांनी सांगितलं, तर मी हौसेने मुंबईच्या टाइप फाउंड्रीतून त्याचे छपाईचे पन्नास खिळे ओतून आणले. नागपुरात तेव्हा दुसऱ्या कुठल्याही छापखान्यात ते नसतील, याचा मला कोण अभिमान! आणि नेमकं त्याच सुमारास सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आमच्याकडे आल्या. धंतोलीत ऑपरेशन झालं, डोळ्यांवर पट्टी बसली, आणि मामा रोज दुपारी चारला बहिणीजवळ बसायला येऊ लागले. दोघं तासभर नुसती समोरासमोर बसत. लहानपणचं बोलून संपलं, मेलेली माणसं आठवून संपली, तेव्हा सहाव्या-सातव्या दिवशी मामा चाचरत म्हणाले, "बाई, पुस्तकाची दोन पानं लिहिली आहेत. वाचू का?" बाई पट्टीआडून म्हणाल्या, "वाच ना. आता तरी सांग, काय शिकला तं."

त्या दिवसापासून तो नेमच झाला. जगातलं बाकी सगळं अनिश्चित असेल, पण चारच्या ठोक्याला मामांची सायकल आमच्या दारात वाजायचीच. बाई खाटेवर, मामा समोर स्टुलावर, हातात वही. पान वाचून झालं की ते विचारत, "समजलं?" बाई "समजलं" म्हणाल्या तर पान माझ्याकडे जुळणीला. "नाही" म्हणाल्या तर पान फाडलंच. परीक्षक मोठ्या कडक निघाल्या. "वाक्य लई लांब केलं गा. पयलं टोक धरलं तं दुसरं सुटते." किंवा, "हे तू मले सांगून राहिला का कोन्या मास्तराले?" पट्टी निघाली, चष्मा लागला, आणि त्यांनी वहीत डोकावून पाहिलं तर जागोजाग ते तीन फाट्यांचं 'साय' अक्षर. "अगं माय! पुस्तकात इतके त्रिशूळ काहून काढले? पचमढीच्या महादेवाले वाहाले नेऊन राहिला का काय?" दुसऱ्या दिवशी मामांनी पुस्तकातली झाडून सगळी समीकरणं काढून टाकली. माझे पन्नासच्या पन्नास खिळे धूळ खात पडले. मी जो काही ओरडलो तो समोरच्या घरातल्या मास्तरीणबाईंनीही ऐकला.

पण पुस्तक मात्र सुरेख होत चाललं होतं, हे मला कबूल करायलाच हवं. शक्ती धारेनं मिळत नाही, मुठीमुठीनं मिळते, हे पहिलं प्रकरण मी जुळवलं तेव्हा मला स्वतःलाही समजलं, आणि मी मॅट्रिकला गणितात कसाबसा निघालेला माणूस. तीन वर्षांत आठ प्रकरणं झाली. दोन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईही तीन वर्षं राहिल्या. आमच्याकडे लेकीच्या आईने जावयाच्या घरी मुक्काम ठोकणं म्हणजे केवढं अवघड! जुन्या बायका लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. पण बाईंजवळ कारण होतं. कोणीही आलं की विचारायच्या आत त्याच सांगत, "भाऊच्या पुस्तकाचं काम चालू आहे ना. मी गेलो तं त्याचं अडते." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, शेती पुतणे पाहत होते आणि गावच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात येणं यांत किती अंतर असतं ते पुढे कळलं.

नववं प्रकरण शेवटचं. त्यात 'पाहणं' म्हणजे काय, एवढंच सांगायचं होतं. आठवं छापून झालं त्या संध्याकाळी मी जेवताना मोठ्या उत्साहात म्हणालो, "चला, आता एकच राहिलं! तेवढं आटोपलं की आईंना मोटरीनं गावी सोडून येतो. त्यांनाही घराची ओढ लागली असेल." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वरण मागितलं. दुसऱ्या दिवशी चारला मामांनी नववं प्रकरण वाचलं, आणि बाई म्हणाल्या, "मले नाही समजलं."

तिथून पुढे चार वर्षं ते प्रकरण बाईंना समजलं नाही. मामांनी ते पतंगावरून लिहिलं, विहिरीतल्या बादलीवरून लिहिलं, कन्हानच्या रेतीवरून लिहिलं. "नाही समजलं गा, भाऊ." पान फाडलं. उद्या परत. मामा कधी चिडले नाहीत, उलट दर वेळी मान डोलावून म्हणायचे, "चूक माझीच. मलाच अजून नीट समजलेलं नाही." चिडायचो मी. मामांचं वय होत चाललं होतं. डॉक्टरांनी सायकल सोडायला लावली, मामा रिक्षाने येऊ लागले. हात कापायचा, अक्षर असं झालं की माझा जुना कंपोझिटर पान उलटंसुलटं धरून पाहायचा. वाटायचं, या माणसाच्या जन्माचं काम एका म्हातारीच्या 'नाही'पायी असंच राहून जाणार. आठ प्रकरणांचे छापील फर्मे, म्हणजे न बांधलेले कागद, माझ्या माळ्यावर पिवळे पडत होते. बायकोला मी म्हणालोही, "तुझ्या आईला नाही समजायचं ते. चौथी शिकलेल्या बाईला कसं समजेल?" म्हणजे मामांनी स्टेशनावर केली तीच चूक मी माझ्या स्वयंपाकघरात केली.

मग एका उन्हाळ्यात सकाळी मी पाण्याची टाकी पाहायला गच्चीवर गेलो. तिथे बाई आणि समोरच्या मास्तरीणबाई कापडावर मूगवड्या घालत बसल्या होत्या. दोघींची माझ्याकडे पाठ होती. मास्तरीणबाई विचारत होत्या, "बाई, भाऊ रोज काय वाचून राह्यते वं तुमच्याजवळ?"

"आता पाहा," बाई म्हणाल्या. "दही लागलं का नाही, पाहासाठी तुमी भांड्यात बोट घालता ना?"

"घालतो ना."

"बोट घातलं का दही मोडते. नाही घालावं तं लागलं का नाही, समजत नाही. तो जो बारीक कन आहे ना, त्याचं तसंच आहे. पाहाले गेलं का पाहन्यानंच तो बदलते."

"हात्तिच्या, हे तं सोपं आहे!"

"सोपं नाही वं! इथंच तं मानूस फसते." बाईंनी एक वडी घातली. "दही आपुन पाह्यलं नाही तरी लागलं तरी असते, नाही तं नसते. दोनातलं एक काहीतरी आतमधी ठरून गेलं असते. त्या कनाचं तसं नाही. पाहेपर्यंत त्याचं काहीच ठरलं नसते. आपल्याले माहीत नाही असं नाही, त्याचंच ठरलं नसते. म्हनून दही म्हना, पन दह्यावर थांबू नका."

मी टाकीचं झाकण हातात धरून उभाच राहिलो. आधी उदाहरण, मग त्याचीच मान मुरगाळायची! थेट कांदेवाल्या सरांची रीत, आणि सरांपेक्षाही स्वच्छ. मास्तरीणबाई उठून गेल्या तसा मी पुढे झालो आणि जे तोंडात आलं ते बोलून गेलो. "आई! तुम्हाला सगळं समजलंय!"

त्या दचकल्या नाहीत. "समजलं तं तीन-चार सालं झाले, जावईबापू."

"मग रोज नाही नाही काय म्हणता? तिकडे मामांचे हात चालेनात. पुस्तक राहून गेलं तर?"

त्या बराच वेळ बोटाला लागलेलं पीठ पुसत राहिल्या. मग खाली पाहतच म्हणाल्या, "पुस्तक झालं का मी काय करू जी? तिथं एकटीची चूल. दिवसभर आवाज म्हनून नाही. इथं राहाले काही कारन तं पाहिजे ना. पोरीच्या घरी बिनकामाची बसलो तं लोक तुमालेच हासतीन." आणि अगदी साधेपणाने, कसलाही ठपका न ठेवता म्हणाल्या, "तुमीच म्हनलं होतं ना, पुस्तक आटोपलं का मोटरीनं सोडतो."

मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू! ते वाक्य मी वरणाबरोबर विसरून गेलो होतो, आणि या बाईने ते उशाशी घेऊन चार वर्षं काढली होती. सात वर्षांत मी त्यांना एकदाही 'राहा' म्हणालो नव्हतो. म्हणायची गरजच वाटली नव्हती. मी म्हणालो, "आई, पुस्तक होवो की न होवो, तुम्ही कुठेही जायचं नाही. तुम्ही गेलात तर मला घर खायला उठेल."

"आन लोक?"

"लोकांना सांगा, जावयानं अडवून ठेवलं आहे. जाऊच देत नाही म्हणावं, भारी तिरसट आहे."

"ते तं लोकाले पटन," बाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडल्या.

दुसऱ्या दिवशी चारला रिक्षा थांबली. मामा स्टुलावर बसले, वही धरून त्यांनी नववं प्रकरण वाचलं आणि सवयीने पान फाडायला बोटं लावूनच विचारलं, "समजलं?"

"समजलं."

मामांची बोटं तिथेच राहिली. "घाई करू नको, बाई. पुन्हा वाचतो."

"समजलं, भाऊ. सगळं समजलं."

मला वाटलं होतं हा माणूस आता टुणकन उडी मारेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हंजे स्टेशनावर मी चुकीचं बोललो होतो," ते म्हणाले.

"ते तं मले तवाच माहीत होतं," बाई म्हणाल्या.

मग मामा लहान पोरासारखे कावरेबावरे झाले. "बाई, पण मंग उद्यापासून चार वाजता मी काय करू?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या प्रकरणाच्या आधाराने राहणारं माणूस एकच नव्हतं. बाईंनी मात्र ते कधीच ओळखलेलं असावं. "यायचं," त्या म्हणाल्या. "च्या तं होतेच ना चारले."

पुस्तक मी मन लावून छापलं. सगळ्या पुस्तकात समीकरण एकही नाही. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र मामांना न विचारता मी एक त्रिशूळ टाकला, पन्नासांतला एकच खिळा कामी आला. अर्पणपत्रिकेत मामांनी तीन वाक्यं दिली, "बाईस. तुला नाही समजणार, असं मी म्हणालो होतो. मला समजलं नव्हतं." आमच्यादेखत बाई ते पान सोडून पुढचंच वाचायच्या, आणि कोणी पाहत नसलं की त्यावरून हात फिरवायच्या. पुढे दोन हिवाळे त्या आमच्याकडे होत्या. तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी, खाटेवर उन्हात पडल्या पडल्याच गेल्या. गावचे लोक आले. जावयाच्या घरी कशा, असं कोणी विचारलं नाही. माझं उत्तर तयार होतं.

सगळं आटोपल्यावरच्या पहिल्या सोमवारी चारला दारात रिक्षा थांबली. मामा आत आले, नेहमीच्या स्टुलावर बसले. समोर खाट रिकामी होती. मी प्रूफं बाजूला ठेवली आणि खाटेजवळ खाली सतरंजीवर जाऊन बसलो, खाटेवर बसवेना. मामांनी पिशवीतून छापलेलं पुस्तक काढलं, नववं प्रकरण उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचून झालं तसं त्यांनी पुस्तक मिटलं, पण उठेनात. मग खाटेवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "समजलं?"

ते प्रकरण मी सात वेळा तपासलं होतं. मला ते तोंडपाठ होतं. मला दही समजलं होतं, दह्यावर थांबायचं नाही हेही समजलं होतं.

"नाही समजलं, मामा," मी म्हणालो.

मामांनी कोटाच्या खिशात हात घातला, कांदा बाजूला सारून पेन्सिल काढली. "काहून?" ते म्हणाले. "कुठे अडलं?"

"सुरुवातीपासूनच."

"हरकत नाही. मग उद्या पहिल्यापासून घेऊ."

"येण्याची शक्यता किती?"

"शंभर टक्के," मामा म्हणाले.

त्यानंतर दीड वर्ष ते रोज चारला आले. मला शेवटपर्यंत ते प्रकरण समजलं नाही.